दुपारी येणारी बाई

परवा गुंडेराव, माझा मुलगा, दवाखान्यातून औषधाची आणखी एक बाटली घेऊन आला. औषध तपकिरी आणि कडू. मी घड्याळ बघून वेळेवर ते घ्यायचं, एवढंच आता माझं काम उरलं आहे. जन्मभर शाळेची घंटा वेळेवर दिली, त्यामुळे जड जात नाही.

बीदरचे डॉक्टर तरुण आहेत, पण शहाणे आहेत. म्हणाले, "बाई, आता आजाराच्या मागे धावायचं नाही. दुखणं, झोप, जेवण, एवढंच सांभाळायचं. आणि औषध दुखायच्या आधी घ्यायचं. दुखायची वाट बघायची नाही." मग त्यांनी कधी कुणी विचारलं नव्हतं ते सगळं विचारलं. तोंड कोरडं पडतं का, पोट साफ होतं का, मनाला कशाचा घोर आहे. मी म्हटलं, "सुनेचा." ते हसले. त्यांना वाटलं, सासवांचं नेहमीचंच.

माझ्या सुनेशी, शोभाशी, माझं काही वाकडं नाही. उलट ती फार जीव लावते, आणि घोर त्याचाच आहे. तिने एक वाक्य तोंडातून काढू नये, एवढीच आता माझी इच्छा राहिली आहे. ते वाक्य मी एकदा काढलं होतं.

मी लग्न होऊन मुडबीला आले, तेव्हा आमच्या घरात धम्माची दीक्षा घेऊन फार दिवस झाले नव्हते. देव्हारा उतरवला होता. उतारा, ताईत, अंगारा, सगळं बंद. आमचे हे त्या बाबतीत फार कडक. सासूबाईंनी, म्हणजे नागूबाईंनी, सगळं ऐकलं. हात मात्र ऐकेनात. मी उंबरा ओलांडला तशी त्यांनी माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर नेऊन बोटं मोडली. कडाकडा वाजली. माझी आलाबला स्वतःवर घेतली.

हे म्हणाले, "माय, हे सोडलं न्हवं का आपण?"

"देव सोडले रे बाबा. सून कशी सोडू?"

पुढच्याच वर्षी त्यांना गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. गुलबर्ग्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि घरी न्या म्हणून सांगितलं. तेव्हा घरी न्या म्हणजे घरी न्या. सोबत बाटली वगैरे काही नाही.

डाव्या कमरेत कळ उठायची ती मांडीपर्यंत उतरायची. अंबील दिली तरी पोटात ठरत नसे. आणि वास. येणाऱ्या बायका नाकाला पदर लावून दारातूनच विचारपूस करत. मी कडुलिंबाचा पाला जाळायची, मग पाल्याचा आणि त्याचा असा दोन्ही वास घरात राहायचा. पण सगळ्यात वाईट म्हणजे झोप नव्हती. त्यांना नव्हती म्हणून मला नव्हती. त्या उन्हाळ्यात मी उभ्यानं झोपायला शिकले. घोड्याला जमतं, मला का जमू नये!

एका दुपारी बघितलं तर त्या पदराचा बोळा दातात धरून पडल्या होत्या. मला ऐकू जाऊ नये म्हणून. मला ते बघवेना. मी त्यांच्या तोंडावरून हात फिरवले, कानशिलावर नेले आणि म्हटलं, "आत्या, तुमचं दुखणं मला येऊ दे." बोटं दाबली. एकही वाजलं नाही.

नागूबाई एवढ्या दुखण्यातही घाबरल्या. "असं बोलू न्हाई, पोरी. मागितलेलं मिळतंय. वापस घे."

"घेतलं," मी म्हटलं. मनातून काही घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशीची दुपार. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. मी दाराच्या चौकटीला टेकून पेंगत होते. कानावर आवाज आला... तुरीच्या वाळक्या काड्या मोडाव्यात तसा. कड्... कड्... कड्...

डोळे उघडले तर बाजेजवळ एक बाई, माझ्याकडे पाठ करून. म्हातारी होती की नुसती वाळलेली, पाठीवरून कळेना. अंगावर गोल पातळ, आणि कापड इतकं तलम की तसं आमच्या गावात कुणी पाहिलं नव्हतं. हाताला काळ्या पट्ट्याचं घड्याळ. ते इतकं सैल की हात वर करण्याआधी तिने ते कोपरापर्यंत सरकवलं. मुडबीत तेव्हा कुठल्या बाईच्या हाताला घड्याळ असणार? तिने नागूबाईंच्या तोंडावरून हात फिरवले, बोटं मोडली, "अगं आई" असं अगदी हळू म्हणाली, आणि डाव्या कमरेवर हात ठेवून मागच्या दाराने निघून गेली.

तिच्यामागून वासही गेला. बाजेवर नागूबाई घोरत होत्या.

मागच्या दाराशी आमच्या शेजारीण पार्वतीबाई जात्यावर तूर भरडत बसलेल्या. त्यांना विचारलं.

"कुनीबी न्हाई आलं, कुनी न्हाई गेलं," त्या म्हणाल्या. "मी सकाळधरनं हितंच हाय की. झोप न्हाई तुला, म्हून कायबाय दिसायलंय."

मग ती रोज दुपारी येऊ लागली. नागूबाई झोपू लागल्या. वाटीभर अंबील पोटात ठरली. एक दिवस म्हणाल्या, वेणी घाल. मी वेणी घालता घालता विचारलं, ती कोण येते?

"वळखीची हाय."

"पण कोण?"

त्यांनी मान वळवून माझ्याकडे किती तरी वेळ पाहिलं. डोळे भरून आले. "लई वाळलीस गं, पोरी," म्हणाल्या. मला वाटलं, जागरणाचं म्हणत असतील.

बाई मात्र दिवसेंदिवस थकत चालली होती. शेवटच्या दिवशी जाताना तिने दाराची चौकट धरली आणि तशीच उभी राहिली. मला भीतीपेक्षा कणवच आली. मी उठून म्हटलं, "बसा की जरा."

तिने मान वळवली नाही. "बसले तर... उठणं व्हायचं न्हाई."

आवाज कुठे तरी ऐकलेला वाटला. आपला आवाज आपल्याला बाहेरून कुठे ओळखू येतो! त्याच संध्याकाळी नागूबाई झोपेतच गेल्या. चेहऱ्यावर कळ नव्हती.

नंतर मी पुढे शिकले, मास्तरीण झाले. पहिलं घड्याळ घेतलं ते सोनेरी साखळीचं होतं, त्यामुळे मनात काही आलं नाही. हे गेले. गुंडेरावने बीदरच्या मैलूरला घर केलं, मी इकडे आले. मग छातीत गाठ, सोलापूरला ऑपरेशन, आणि ती पुन्हा. या हिवाळ्यात मांस झडलं. जाड कापड अंगाला टोचायला लागलं म्हणून शोभाने मला तलम साड्या आणल्या. घड्याळाची साखळी तुटली होती, त्याला गुंडेरावने काळा पट्टा लावून आणला. एकदा हात धुताना मी ते कोपरापर्यंत सरकवलं, आणि हात तिथेच थांबला.

तेव्हापासून दुपारी मला वेगळीच झोप लागते. शोभा हाका मारते, मी उठत नाही. उठते तेव्हा डावी कमर धरलेली असते. डॉक्टर कमरेचा फोटो उजेडाला धरून बघतात. म्हणतात, बाई, इथे तर काहीच नाही. एकदा माझे पाय पुसता पुसता शोभा म्हणाली, "आत्या, खाली उतरलात का? पायाला शेन कुठलं हे?" आमच्या या घरात सगळीकडे शहाबादी फरशी आहे; शेणाने सारवलेली जमीन होती ती मुडबीच्या घरात. खरं सांगते, भीती वाटली नाही. शीण वाटला. पण मागितलेलंच मिळत होतं, तक्रार कुणाकडे करायची?

शेवटची खेप होऊन आठवडा झाला. तिथे, मुडबीच्या त्या दाराशी, माझे पाय गेले, म्हणून चौकट धरली. मागून एक झोपेने भरलेला, कोवळा आवाज आला, "बसा की जरा." फार वाटलं, वळावं आणि त्या पोरीच्या तोंडावरून हात फिरवावा. वळले नाही.

आता शोभाचं सांगते. शेजारच्या नागम्माने तिला सांगितलं, ते अफूचं औषध आहे, सवय लागेल. आमच्याकडे पूर्वी शेतावर जाणाऱ्या बाया तान्ह्या पोराच्या जिभेला अफूचा कण लावायच्या. एखादं पोर उठायचंच नाही. ती भीती अजून लोकांच्या मनात आहे. शोभाने मायेपोटीच मला निम्मंच औषध द्यायला सुरुवात केली. दुखणं बांध फोडून आलं. मी पदर दातात धरला, आणि तिने ते पाहिलं.

तिच्या उजव्या हाताच्या पाठीवर उकळतं तेल सांडल्याचा डाग आहे, कातडी चुणलेली. तो हात माझ्या गालावर आला. मी तिचं मनगट पकडलं.

"शोभा, काय बोलू नको."

"काय बोलायले मी, आत्या?"

तिला समोर बसवून हे सगळं सांगितलं, जसं तुम्हाला सांगते आहे. ती खाली मान घालून ऐकत राहिली. म्हटलं, "औषध पुरतं दे. मला दुखलंच न्हाई, तर कुनी घेणार काय?"

"व्हय, आत्या."

"आधी कधी म्हणलीस का तसलं काय?"

"न्हाई," ती म्हणाली. पण लगेच म्हणाली नाही.

त्यानंतर औषध पुरतं आणि वेळेवर मिळू लागलं. मी भात खाल्ला. ओट्यावर बसून ऊन खाल्लं. मला वाटलं, सुटलो आपण.

आज दुपारी औषधाला अजून अवकाश होता, तेवढ्यात कळ उठली. शोभा बाहेर नळावर होती. पाण्यावरून नागम्माशी तिची हुज्जत चाललेली मला इथे पलंगावर स्पष्ट ऐकू येत होती. हाक मारावी म्हणून तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडावरून दोन हात फिरले. वाळलेले, सैल कातडीचे, थंड. मी चाचपून धरायला गेले. उजव्या हाताच्या पाठीवर कातडी चुणलेली लागली.

कानाशी बोटं वाजली. कड्... कड्... कड्...

"अगं आई," कुणी तरी हळूच म्हणालं.

कळ गेली. छातीतली गेली, कमरेतलीही गेली. सांगायला हवं होतं, की ठेव ते, माझं माझ्याकडे राहू दे. बाहेर शोभा कशाला तरी हसत होती.

मी डोळे उघडले नाहीत. इतक्या दिवसांनी झोप येत होती.