पुढचं नाव घे

लाईट गेली होती. चांदपाशा चाचांनी अंगणातल्या खाटेवर मांडी घातली आणि नातवंडांना जवळ बोलावलं.

"आपला दयानंद पंक्चरवाला ठाऊक हाय ना? त्याच्यासंगं घडलेलं सांगतो. त्याची बायको अन् फादर सोडले, तर मला एकट्यालाच सांगितलंय त्यानं."

दयानंदचं घर कॅथलिक. फादर लातूरहून महिन्यातून एकदा यायचे. बाकी दिवस चॅपलची किल्ली, प्रार्थनेचं पुस्तक अन् लोकांची बोलणी, सगळं दयानंदच्या गळ्यात. दोन नोव्हेंबर हा त्यांचा मेलेल्यांच्या आठवणीचा दिवस.

"शब-ए-बरातसारखा?" नात नाझनीननं विचारलं.

"तसाच समज. त्यांचं म्हणणं, मेलेलं माणूस लगेच देवापुढं जात न्हाई. आधी धुऊन निघावं लागतं. आपण इथून मागितलं की त्याचं ओझं हलकं होतं. अन् ते बी तिकडून आपल्यासाठी मागत असतात."

साल दोन हजार तेवीस. वार गुरुवार. दयानंद सकाळपासूनच वैतागलेला होता. आठ दिवस घरोघर हिंडून त्यानं मेलेल्यांची नावं गोळा केली होती. कुणी म्हणे उद्या सांगतो, कुणाला आपल्याच आज्याचं नाव आठवेना. कशीबशी बावीस झाली. तेविसावं त्यानं स्वतः घातलं. शांतवन. थोरला भाऊ.

शांतवन बँडमध्ये ताशा वाजवायचा. त्र्याण्णव साली गणपती विसर्जनाला तो किल्लारीला गेला आणि पहाटे भूकंप झाला. सतरा वर्षांचं पोरगं. ना जिवंत घावलं, ना प्रेत मिळालं. पण आई शिवम्मा तीस वर्षं एकच धरून बसली. "जित्याचं नाव मेल्यात घेऊ नगं." सणाला त्याचं ताट वाढायची. समोर राबणारा दयानंद तिला दिसायचा नाही. मागच्याच महिन्यात शिवम्मा गेली, अन् दयानंदनं ठरवलं की एकदाचं भावाला मोकळं करायचं. आपणही मोकळं व्हायचं.

"नका लिहू," बायको नीलाबाई म्हणाली. "आत्याबाईंना चाललं नसतं."

"तीस वर्षं तिचंच चाललं की. आता एक दिस माझं चालू दे."

साडेपाचला फादर यायचे होते. चाकूरजवळ त्यांची जीप बंद पडली. लोक कबरस्तानात ताटकळले. पोरं मॅच बघायला सटकली, बायका स्वयंपाकाला गेल्या, नीलाबाई तापानं फणफणत घरी होती. सव्वासातला दयानंद एकटा उरला. वाऱ्यानं मेणबत्त्या विझलेल्या. तेवढ्यात फादरचा फोन, की आता उद्याच येतो.

"उद्याला काय अर्थ हाय, फादर?" म्हणून त्यानं फोन ठेवला. फाटकाची कडी आतून घातली, मोबाईलची बॅटरी लावली अन् रागारागानं वही उघडली.

या प्रार्थनेला दोन बाजू असतात. एकानं नाव घेऊन म्हणायचं, "प्रभू, त्याला कायमचा विसावा दे." बाकीच्यांनी जबाब द्यायचा. दयानंदनं पहिलं नाव घेतलं अन् सवयीनं थांबला.

"अन् तुझा उजेड त्याच्यावर राहू दे..."

हळू आवाज. मागून.

त्याला वाटलं, कुणीतरी उशिरा आलं. "पुढं येऊन उभं राहा की," तो न वळताच म्हणाला. दुसरं नाव घेतलं. आता दोन आवाज. तिसऱ्याला तीन. सहाव्याला त्यानं वळून बघितलं.

फाटकाची कडी तशीच होती. कुणी नव्हतं.

पळावं वाटलं. पाय उचलेना, अन् तोंड थांबेना. नाव. जबाब. नाव. जबाब. चहूकडून... जमिनीलगत. बाविसावं नाव शिवम्माचं. त्या जबाबात एक आवाज कानडी हेलाचा होता.

आईचा.

दयानंदनं ओठ ओले केले. "शांतवन. प्रभू, त्याला कायमचा विसावा दे."

...

काही नाही.

रातकिडेसुद्धा गप्प.

त्यानं परत म्हटलं. परत तेच. मग तीस वर्षांचं सगळं एकदम वर आलं. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "आरं म्हना की. येवढ्या एकासाठी म्हना. सुटू द्या मला."

लई वेळ गेला.

मग पायापाशी, शिवम्माच्या नव्या मातीकडून, आई चुकलेल्या लेकराला सांगायची त्याच सुरात...

"पुढचं नाव घे."

पुढं नाव नव्हतं. वही हातातून गळाली. कडी कशी काढली, घर कसं गाठलं, त्याला सांगता येत नाही.

रात्री त्यानं फादरला फोन लावला. "शांतवनसाठी ते मागंनात, फादर."

फादरनी त्याच्याकडनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मग त्याचं नाव जित्यांच्या प्रार्थनेत घाल."

"जिता असता तर तीस वर्षांत एकदा आला नसता का?" दयानंद म्हणाला.

उजाडताना नीलाबाई तशीच तापात त्याच्यासंगं वही आणायला गेली. फाटक सताड उघडं होतं. ती शिवम्माच्या कबरीपाशी थांबली.

"काल तुम्ही गुडघे टेकले होते का?"

"न्हाई. उभाच होतो."

मऊ मातीत दोन गुडघ्यांच्या खोल खुणा होत्या, अन् त्यांच्यामागं बुटांच्या टोकांच्या दोन. दयानंदच्या पायात कायम चप्पल. तो रोडवर पळाला. उदगीरकडं एक टेम्पो लांब गेला होता, देगलूरकडं एक एसटी. कुणामागं जावं, त्याला कळेना. तो परत आत आला अन् मातीपाशी खाली बसला.

सगळ्या कबरीवर दंव पडलेलं होतं. त्या खुणांत नव्हतं.