सायकलस्वाराची चूक

यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही.

नावं बदलू का, असं मी रुल्फीनला विचारलं होतं. ती म्हणाली, "कशाला? ज्यांनी लाजायचं ते लाजले नाहीत. मी का लपवू?"

म्हणून जसं घडलं तसंच सांगते.

आमचं गाव वेन्डम या लहानशा शहराच्या पुढे, कालव्याच्या काठाने लांबच लांब पसरलेलं. रुल्फीन माझी शेजारीण. दोन घरांच्या मध्ये एक कुंपण आणि सायकल जाईल एवढी फरशीची वाट. तिचा नवरा लॅमर्ट स्टार्चच्या कारखान्यात होता. तिचा धाकटा भाऊ वेसेलही तिथेच. आई लवकर गेली, तेव्हा या भावाला रुल्फीननेच वाढवलं होतं.

रोज सकाळी सात वीसला वेसेल त्या वाटेने यायचा, खिडकीशी ओरडायचा आणि दोघे मेहुणे सायकलवरून निघायचे. एकोणीस वर्षं.

नऊ डिसेंबर. मंगळवार. सकाळ झाली होती, पण उजाडलं नव्हतं.

पुलाजवळच्या चौकात दोघे सरळ निघाले होते. मागून आलेली व्हॅन त्यांच्या आडवी उजवीकडे वळली...

लॅमर्ट जागच्या जागी गेला.

व्हॅन चालवत होता एप्पो. वेसेलचा जावई. वेसेलची मुलगी फेम्के तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती.

आमच्याकडे मोटारीने सायकलवाल्याला उडवलं की आधी मोटारवालाच जबाबदार. आपली चूक नव्हती, हे त्यानेच दाखवून द्यायचं. त्यातून वळणाऱ्याने सरळ जाणाऱ्याला वाट द्यायचीच असते. त्यामुळे एप्पो सुटणार नाही, हे सगळं गाव धरून चाललं होतं.

पण जवळून पाहणारा माणूस एकच होता. वेसेल.

त्याने पोलिसांना रडत रडत सांगितलं, "सायकलींच्या सिग्नलचा दिवा लाल होता. मी थांबलो. लॅमर्ट थांबला नाही. मी हाकही मारली."

रुल्फीनची वकीलबाई म्हणाली, "सायकलवाला चुकला तरी कायद्याने निम्मी भरपाई तुम्हाला मिळेलच. पण एप्पोवर गुन्हा उभा राहणार नाही. आणि कागदावर लिहिलं जाईल, चूक सायकलस्वाराची."

रुल्फीनने त्या कागदावर सही केली. पेन वेसेलनेच तिच्या हातात दिलं.

आणि मग तिला राग आला. मेलेल्या नवऱ्याचा राग! थडग्यापाशी उभी राहून ती त्याला बोलायची, "दोन मिनिटं थांबता आलं नाही तुला? एवढी कसली घाई होती रे?" एप्पो बिचारा झोपत नाही असं कळलं, तर ही त्याच्या घरी वाटाण्याचं सूप घेऊन गेली. त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "तुझी चूक नव्हती, पोरा."

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

फेब्रुवारीचा पहिला सोमवार.

रुल्फीन स्वयंपाकघरात कॉफी ओतत होती. बाहेर वाटेवर आवाज आला...

टिक... टिक... टिक...

पायडल न मारता सायकल हाताने ढकलत नेली की चाक करतं, तो आवाज. एक नाही, दोन चाकं. त्यातल्या एकाबरोबर खस्... खस्... मडगार्ड टायरला घासत होतं.

लॅमर्टच्या सायकलचं मडगार्ड तीन वर्षं असंच घासत होतं.

तिने दार उघडलं.

कोणी नाही.

शेडवरचा दिवा कोणी खालून गेलं की आपोआप लागतो. मांजर गेलं तरी लागतो. तो लागलेला नव्हता. फरशीवर दंव पडलं होतं. पांढरं, सपाट. चाकाची एक रेघ नाही.

घड्याळात सात वीस.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी खिडकीखाली कोणीतरी बोललं...

"उठलास का म्हाताऱ्या, की अजून लोळतोयस?"

वेसेलचा आवाज.

तिने चिडून खिडकी उघडली. वाट रिकामी. तिने तिथूनच फोन लावला. बराच वेळ वाजला. मग झोपेतला, सर्दीने बसलेला आवाज आला.

"काय गं रुल्फी, इतक्या सकाळी? दोन दिवस तापाने पडलोय मी."

आणि त्याच क्षणी, फोन कानाला असताना, दुसऱ्या कानाशी बाहेरून लॅमर्ट म्हणाला...

"आलो, आलो. सगळा गाव उठवू नकोस."

तिच्या हातातून फोन पडला.

त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्याकडे आली. "मेलेल्याचा आवाज ऐकू येतो हे मी समजू शकते," ती म्हणाली. "पण वेसेल जिवंत आहे गं. जिवंत माणसाचा आवाज कुठून येतो?"



पुढे रोज एकेक वाक्य वाढत गेलं. लॅमर्टचं खोकणं. हातमोजा शोधणं. "तुझ्या नातवाला काय आणू रे? पाळणा मीच करतो, विकतचा घेऊ नका." आणि वेसेलचं हसू.

ही त्याच सकाळची बोलणी होती. नऊ डिसेंबरची.

बाराव्या दिवशी रुल्फीनने आपली सायकल काढली. सात वीसला आवाज निघाला आणि ती त्याच्या मागे निघाली.

कालव्यावर धुकं होतं. पुढे कोणी दिसत नव्हतं. फक्त खस्... खस्... आणि दोन माणसांचं बोलणं. ती हळू झाली की आवाज लांब जायचे. तिने वेग धरला की जवळ.

पुलाजवळचा चौक आला.

सायकलींचा दिवा लाल होता.

आवाज थांबले...

दोन्ही.

लॅमर्ट थांबला होता! तिला त्याचा श्वास ऐकू येत होता. हात चोळल्याचा आवाज. तो नुसता थांबला नव्हता, चांगला निवांत थांबला होता. तिच्यापासून दोन हातांवर.

मग वेसेल म्हणाला...

"चल. हिरवा झाला."

खस्... खस्... एकच सायकल पुढे गेली.

रुल्फीनने डोळे घट्ट मिटले. आता तो आवाज येणार. ब्रेकचा. पत्र्याचा.

काहीच आलं नाही.

डोळे उघडले तेव्हा समोर हिरवा दिवा होता आणि मागचा शाळकरी पोरगा घंटी वाजवत होता, "बाई, जा की!"

रविवारी दुपारी वेसेल आला. हातात ताट. निळ्या-पांढऱ्या बडीशेपेच्या गोळ्या पेरलेले टोस्ट. मुलगा झाला की आमच्याकडे वाटतात तसे.

"आजोबा झालो, रुल्फी! आणि नाव काय ठेवलंय माहितेय? लॅमर्ट."

त्याला वाटलं ती रडेल. ती रडली नाही.

"दिवा हिरवा होता," ती म्हणाली.

"काय?"

"तूच सांगितलंस त्याला. चल, हिरवा झाला. तुझा शब्द ऐकून तो निघाला."

वेसेलच्या हातातलं ताट कलंडलं. गोळ्या फरशीवर गडगडत गेल्या.

"हे... हे कोणी सांगितलं तुला? तिथे तर कोणीच नव्हतं."

"तूच सांगितलंस."

तो खाली बसला. गोळ्या वेचू लागला. मग वर न बघता बोलला, "एप्पोने वळताना पाहिलंच नाही. पण पोरीला सातवा महिना, रुल्फी. त्याला तुरुंगात बसवू? लॅमर्ट काय परत येणार होता?"

"म्हणून त्यालाच चोर केलंस?"

"मेलेल्याला काय फरक पडतो गं?"

"मला पडतो! त्याच्या थडग्यापाशी जाऊन मी त्याला शिव्या दिल्या, वेसेल. तुझ्या जावयाला सूप पाजलं. आणि तू माझ्या शेजारी उभा राहून बघत होतास."

सोमवारी ती वकीलबाईकडे गेली, तिथून पोलिसांत. वेसेलला पुन्हा बोलावलं. रुल्फीनला खात्री होती. भाऊ आहे. आपल्या स्वयंपाकघरात कबूल झालाय. आता तरी खरं बोलेल.

वेसेल म्हणाला, "मी असं काहीच कबूल केलेलं नाही. माझ्या बहिणीला भास होतात, साहेब. मेलेल्या नवऱ्याची सायकल ऐकू येते तिला. शेजारणीला विचारा."

पोलिसांनी मला विचारलं.

मी काय सांगणार होते? हो, तिला आवाज येतात, असंच तिने मला सांगितलं होतं. तेवढंच मी सांगितलं. खोटं नव्हतं. पण रुल्फीनने तेव्हा माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं...

असो.

जबाब घेणाऱ्या बाईने हळूच विचारलं, "म्हणजे दिवा हिरवा होता हे तुम्हाला आवाजावरून कळलं?"

रुल्फीन खोटं बोलू शकली असती. ती म्हणाली, "हो."

फाईल बंद झाली. चूक सायकलस्वाराची, तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सात वीसला ती खिडकीशी बसली. आवाज आला नाही.

तिसऱ्या दिवशी नाही. आठवडाभर नाही. ती दार उघडं टाकून बसायची, कोट घालून, थंडीत. "बोल की रे आता," म्हणायची. "मला पुढे केलंस आणि तू कुठे गेलास?"

मार्च संपत आला. एका सकाळी वेसेलची बायको यान्ना आमच्या कुंपणापाशी आली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"रुल्फीन, तुझ्याशी बोलायचं तोंड नाही मला. पण एक सांग. सकाळी वेसेलला न्यायला कोण येतं?"

"म्हणजे?"

"त्याला कारखाना सोडून महिना झाला. तरी रोज सातला उठतो, डबा घेतो. बाहेर कोणीतरी येतं. मला सायकल ऐकू येते... काहीतरी घासत असतं तिचं. हा हसत बाहेर जातो. कालव्याच्या काठाने बोलत बोलत जातो. मी मागून पाहिलं. एकटाच असतो गं. पण कोणाशी तरी जोडीने चालवल्यासारखा, एका बाजूला जागा सोडून."



"आणि तो खूश असतो," यान्ना म्हणाली. "मला त्याचीच भीती वाटते."

ती गेल्यावर रुल्फीन माझ्याकडे वळली. त्या चौकशीनंतर पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

"मी लॅमर्टसाठी भावाला तोडलं. सगळ्या गावात वेडी ठरले. आणि तो त्याच भावाबरोबर जातो? त्याच्याशी हसतो?" तिचा आवाज फाटला. "त्याने वेसेलला माफ केलं, की... तो त्याला कुठे नेतोय? तूच सांग."

 

वेसेल अजून जातो. हे लिहितेय त्या दिवशीही गेला. पूर्वी आठच्या आत घरी यायचा. मग नऊ वाजायला लागले. यान्नाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळा लिहून ठेवल्या आहेत, त्या मी पाहिल्या.

एकाही दिवशी तो आदल्या दिवसापेक्षा लवकर परतलेला नाही.