रिप्लाय ऑल

वाचनालयाचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं म्हणून घड्याळवाला आला आणि शिडीवर चढला, तेव्हा खाली ग्रंथपाल मॅडमचा रविवारचा वर्ग चालू होता. निवृत्त मंडळींना ईमेल आणि ब्राउझर शिकवण्याचा. ती एका आजोबांना सांगत होती, की पासवर्ड म्हणून स्वतःचंच नाव ठेवणं म्हणजे कुलूप लावून किल्ली त्याच दारावर टांगणं.

"आणि दुकानाचं नाव ठेवलं तर?" शिडीवरून आवाज आला.

तिने वर पाहिलं. त्याच्या हातातला स्क्रू सुटला आणि थेट तिच्या चहात पडला. चहा तिने तसाच पिऊन टाकला, यावरून काय ते समजावं.

पुढच्या रविवारपासून घड्याळवाला स्वतःचा लॅपटॉप घेऊन पहिल्या बाकावर. त्याच्या ब्राउझरमध्ये एक्केचाळीस टॅब उघडे होते. त्यातले चाळीस तिने मायेने बंद केले. संपूर्ण पत्ता टाइप करायचा नाही, पहिलं अक्षर टाकून एंटर दाबायचं, हे तिनेच शिकवलं. महत्त्वाचं पत्र आधी स्वतःला पाठवून थंड डोक्याने वाचायचं, हेही. तो सगळं इतक्या बारीक अक्षरात उतरवून घ्यायचा, की वाचायला भिंग लागावं. त्याच्याकडे होतं.

मग एका रविवारी तो पाणी प्यायला उठला. त्याच्याच लॅपटॉपवरून वर्गाला टिपणं पाठवायची म्हणून तिने 'र' दाबला. खाली दोन नावं आली. दुसरं 'रविवार वर्ग'. पहिलं... 'राणी'.

ज्याला जास्त पत्रं जातात तो यादीत वर, हाही तिचाच धडा.

तो आठवडा वाचनालयाला जड गेला. नावात राणी असलेली तीन पुस्तकं तिने विनाकारण बाइंडिंगला काढली. पुढच्या वर्गात तिने सांगितलं, की यादीतली अनावश्यक माणसं अधूनमधून काढावीत.

"तुम्हाला कोणाला काढायचंय?" तिने घड्याळवाल्याला विचारलं, अगदी सहज, म्हणजे श्वास रोखून.

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही, मॅडम. आधीच मोजकी आहेत."

मधल्या सुट्टीत तिने त्याच्या लॅपटॉपवर राणीच्या नावापुढची छोटी फुली दाबली. दुसऱ्याची पत्रं वाचायची नाहीत हे तत्त्व तिने पाळलं. फुलीबद्दल तत्त्व नव्हतं.

बुधवारी चार वाजता वर्गातल्या चौसष्ट जणांना एक ईमेल आलं. तिलाही.

"मॅडम, आधीची एकतीस पत्रं जमली नाहीत. वाचनालयाचं घड्याळ आठवड्याला चार मिनिटं मागे पडेल असं मी मुद्दाम ठेवलंय, म्हणजे तुम्ही मला बोलावता. तुम्ही मला आवडता. पुढचं वाक्य अजून सुचलेलं नाही."

दहा मिनिटांत अकरा उत्तरं, सगळी सगळ्यांना. निवृत्त हेडमास्तरांनी मजकूर चांगला पण समारोप कच्चा असं कळवलं. एका आजोबांनी आपलं नाव यादीतून काढायला सांगितलं, आणि लगेच, काढू नका, पुढे काय झालं ते कळवा, असं.

तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पाच सेकंद. मग एकतीसचा आकडा टोचला. म्हणजे तिला लिहायचं प्रेमपत्र तो राणीकडून तपासून घेत होता?

ती तडक दुकानात गेली. तो काउंटरमागे मान खाली घालून बसला होता.

"राणी कोण?"

त्याने बोट दाखवलं. लॅपटॉपवर एक पिवळी मांजर पसरली होती.

"तुम्हीच म्हणालात, महत्त्वाचं पत्र आधी स्वतःला पाठवा. म्हणून दुसरं खातं काढलं. स्वतःचं नाव ठेवू नका, हेही तुम्हीच..." तो थांबला. "आजही 'र' दाबून एंटरच केलं हो. वर्गाला कसं गेलं कळत नाही. माझ्यासारख्याला नाही जमायचं हे. मी आता वर्गाला येणार नाही."

गप्प राहिली असती तर कुणालाच कळलं नसतं.

"राणीला यादीतून मी काढलं," ती म्हणाली.

"का?"

"जळले म्हणून."

"...मांजरीवर?"

"तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे, तरी जळतेच आहे. तिच्या नावावर एकतीस पत्रं, माझ्या नावावर एक. तेही चौसष्ट जणांत वाटून."

तो पहिल्यांदाच हसला. तिने राणीला उचलून बाजूला ठेवलं, त्या लॅपटॉपवर आपलं ईमेल उघडलं आणि पत्राखालच्या दोन बटणांकडे पाहिलं. दुसरं, सगळ्यांना उत्तर देणारं, जन्मात दाबायचं नाही असं ती दर रविवारी बजावायची. तिने तेच दाबलं. लिहिलं, "मलाही. घड्याळ मागेच राहू दे." आणि पाठवलं.

पडद्याच्या कोपऱ्यात 'पाठवणं रद्द करा' उमटलं. मुदत दहा सेकंदांची. तो सवयीने मोजू लागला.

"चार... पाच... मॅडम, अजून वेळ आहे, विचार करा..."

"मॅडम म्हणणं बंद करा आधी."

तिने माऊस सोडला आणि त्याचा हात धरला. सहा... सात... पुढचे आकडे घड्याळवाल्याला आठवले नाहीत.