अप्पांच्या दोन रिंगा

शलाका मोहितेचं प्रतिरूप याही वेळी राजीनामा देऊन मोकळं झालं होतं.

प्रतिरूप म्हणजे रेझ्युमेतून यंत्राने उभा केलेला माणूस. भरतीवाले हल्ली रेझ्युमे वाचत नसत. बियाणं पेरावं तसा तो यंत्रात टाकत. त्यातून उमेदवाराची नक्कल तयार होई आणि मिनिटभरात पाच वर्षांची नोकरी करून दाखवी. टिकली तर उमेदवार शॉर्टलिस्ट, नाहीतर नारळ.

"माझं अडतं कुठे, सर?"

डॉ. तांबोळींनी उमेदीची वर्षं ही यंत्रं बनवण्यात घालवली होती. आता त्यांनाच चकवायच्या युक्त्या विकून ते पोट भरत. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "चाचणीत प्रत्येकाला घरून फोन येतो. रिंग वाजली की तुमचं प्रतिरूप खुर्ची सोडतं. ही ओळ बघा, 'दोन वर्षं वडिलांची शुश्रूषा'. काढून टाका."

"मग ती वर्षं रिकामी दिसतील."

"रिकामं चालतं हो. माया चालत नाही."

शलाकाला त्यांची चीड आली. पण अप्पांची औषधं संपत आली होती. अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली होती, म्हणून बापलेकीने रिंगांची भाषा ठरवली होती: एक रिंग म्हणजे जेवलो, दोन म्हणजे ये. तिने ओळ खोडली. नवं प्रतिरूप प्रत्येक फोनला "नंतर करते" म्हणालं आणि पाच वर्षं टिकलं.

नोकरी लागली. अप्पांची औषधं सुरू राहिली. दुसऱ्याच महिन्यात एका दुपारी फोन वाजून थांबला. पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. शलाका उठली.

"बस," वरिष्ठ कर्णिकबाई म्हणाल्या. "फोन आला तर तू उठत नाहीस. म्हणून तर तुला घेतलं."

"माझे वडील आहेत, मॅडम."

"प्रतिरूपाला वडील नव्हते." बाई जराशा गोंधळल्या. "मग आम्ही निवडलं कुणाला? हे बघ, जायचं तर जा. पण प्रतिरूपाशी न जुळणाऱ्या माणसाला पुन्हा कुणी दारात उभं करत नाही."

शेजारच्या काकूंना निरोप धाडावा, तर मोबाईललाही कामाच्या वेळेत कुलूप होतं; रिंग तेवढी ऐकू येई. नोकरी गेली तर औषधं कुठून आणायची? शलाका खाली बसली.

"नंतर करते," ती म्हणाली. शब्दही तेच आले.

फोन तिसऱ्यांदा वाजला. तीन रिंगांचा अर्थ त्यांनी कधी ठरवलाच नव्हता.