डबा गरम होईपर्यंत

मी आधी त्यांचे पाय पाहिले.

हृदयरोग वॉर्डाच्या लांब व्हरांड्यात, पँट्रीच्या दाराशी एक शिडी उभी होती. शिडीवर दोन पाय, एका मोज्याला भोक, आणि कमरेच्या वरचा माणूस छतात नाहीसा झालेला. औषधांचा ट्रे सांभाळत मी कडेनं निघाले, तोच वरून आवाज आला —

"खाली कुणी आहे का? जरा ही वायर धरता?"

छतातून एक निळी वायर लोंबत आली. मी ट्रे खिडकीत ठेवला आणि ती धरली.

"बिनतारी यंत्रणा बसवायला आलात ना तुम्ही?"

"हो."

"मग एवढ्या तारा कशाला?"

धुळीनं पांढरं झालेलं एक डोकं खाली डोकावलं. "पेशंटच्या अंगावरच्या तारा काढायच्या, तर त्या कुठंतरी लपवायला नकोत? सगळ्या इथं वर कोंबतोय. कुणाला सांगू नका, सिस्टर."

भुवयांवरसुद्धा धूळ होती. डोळे तेवढे स्वच्छ... आणि हसरे. मी वायर सोडून ट्रे उचलला आणि निघाले. दोन खाटा ओलांडल्यावर लक्षात आलं, आपणही हसतोय.

वॉर्डात त्यांचं नाव 'शिडीवाले' पडलं. काम असं होतं — आमचे पेशंट छातीवर चिकटवलेल्या तारांनी खाटेशेजारच्या यंत्राला बांधलेले असत. कूस बदलायची तरी तारांची परवानगी लागे. आता गळ्यात एक छोटी डबी अडकवायची. तिच्यातून हृदयाची रेघ हवेतून आमच्या टेबलावरच्या पडद्यावर येणार. पेशंट हिंडायला मोकळा.

या मोकळेपणाची सगळ्यांत घाई होती ती कोपऱ्यातल्या आजोबांना. व्हरांड्याच्या टोकाला खिडकी होती आणि रोज दुपारी एकच्या सुमाराला खाली बागेत आजी येऊन उभ्या राहायच्या. गुडघ्यांमुळे त्यांना जिने चढवत नव्हते, आजोबांना तारांमुळे खिडकीपर्यंत जाता येत नव्हतं. मी मध्ये निरोप्या.

"काय म्हणाली?" आजोबा विचारायचे.

"जेवलात का म्हणाल्या."

"आणखी?"

"दाढी करा म्हणाल्या."

"हं. म्हणजे बरी आहे."

पण आमच्या मोठ्या सिस्टरांचा या प्रकारावर काडीचा विश्वास नव्हता. "जे डोळ्यांना दिसत नाही, त्याच्या भरवशावर मी माझे पेशंट सोडणार नाही."

"देव तरी कुठं दिसतो, बाई?" मी हळूच म्हटलं.

"देवाची बॅटरी बदलावी लागत नाही," त्या म्हणाल्या. शिडीवाले शिडीवरून पडता पडता राहिले.

शेवटी डॉक्टरांनी तोडगा काढला. आठवडाभर शिडीवाल्यांनी स्वतःच डबी गळ्यात घालून हिंडायचं. शुक्रवारी दुपारी आजोबांना घालायची. तेव्हा रेघ एकदा जरी तुटली, तरी सगळ्या डब्या परत.

छातीवर डबीच्या चकत्या चिकटवायच्या वेळी शिडीवाले पडद्याआड जाऊन मोठ्या आशेनं माझ्याकडे बघू लागले. मी ब्रदरना हाक मारली. शिडीवाल्यांचा चेहरा असा काही पडला... की मला दिवसभर मधूनच हसू फुटत राहिलं.

आता माझ्या नेमाचं सांगायला हवं. आईनं लावलेला नेम आहे — रोज कुणाच्या तरी मुखी घास गेलेला पाहिल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. त्यात मोठेपणा काही नाही, सवय झाली आहे. बाकी सगळे खाली जेवायला जात. मी पँट्रीत एकटीच. पहिल्याच दिवशी पाहिलं, तर शिडीवाले शिडीच्या पायरीवर बसून थंडगार भाजी चिवडत होते.

"द्या इकडे तो डबा," मी म्हटलं, आणि पँट्रीतल्या जुन्या मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये ठेवला. ओव्हन घरघरू लागला.

"डबा वडील करतात," ते संकोचून म्हणाले. "मीठ घातल्याचं विसरतात. आठवलं की पुन्हा घालतात."

"आणि तुम्ही काही बोलत नाही?"

"एवढ्या हौसेनं करतात... पाणी जास्त पितो मी."

माझ्या हृदयाची रेघ कुठल्या पडद्यावर उमटत नव्हती, हे बरंच होतं.

मग तो रोजचाच क्रम झाला. एक वाजला की मी दोघांचे डबे गरम करायचे, त्यांनी पहिला घास घेतला की मी माझा डबा उघडायचा. आणि रोज एकच्याच सुमाराला — पडद्यावरची त्यांची रेघ तुटायची. दोन-तीन मिनिटं नुसता काळा पडदा, मग पुन्हा नीट.

"जेवायच्या वेळी तुमचं हृदय बंद पडतं वाटतं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "असला पेशंट मी पाहिला नाही."

शिडीवाल्यांनी छत पुन्हा उघडलं. लहरी पकडणाऱ्या पेट्या बदलल्या, त्यांच्या जागा बदलल्या. रेघ तुटतच राहिली. आजोबांनी मात्र गुरुवारची दाढी शुक्रवारवर ढकलली. खिडकीत जायचं तर ताजी हवी.

गुरुवारी एक वाजता मी पँट्रीत गेले. शिडीवाले दाराशी उभे होते, हात रिकामे.

"आज डबा नाही आणला."

"मग माझ्यातला अर्धा घ्या. गरम करते—"

"नको," ते घाईनं म्हणाले. "भूक नाही आज. खरंच नको." आणि माझ्याकडे न बघता पडद्याकडे निघून गेले.

मी डबा तसाच बंद केला. आजोबांना स्वतः भरवलं, नेम राखला. पण माझा घास काही गोड लागेना. कंटाळले असतील. उद्या चाचणी झाली की हे दुसऱ्या इस्पितळात जाणार, आपण कोण लागतो त्यांचे... बागेतल्या आजींना निरोप द्यायला गेले तर त्या म्हणाल्या, "आज तूच दाढी न केल्यासारखी दिसतेस गं."

त्या दिवशी रेघ तुटली नाही.

घरी देवापुढे दिवा लावताना ते माझ्या ध्यानात आलं, आणि काडी हातात तशीच जळत राहिली. आज तुटली नाही. आज मी ओव्हन लावला नव्हता. म्हणजे रोज... माझ्याच हातानं? आजोबांच्या खिडकीच्या आड मीच उभी होते!

शुक्रवारी सकाळी मी धावतच जिना चढू लागले. अर्ध्या जिन्यात समोरून कुणीतरी उतरत होतं — पोटाशी भलंमोठं खोकं धरलेलं, वायर मागून पायरी पायरी आपटत येतेय.

ओव्हन. आणि ओव्हनच्या वर शिडीवाल्यांचे डोळे.

"अहो, मला तुम्हाला सांगायचं होतं—"

"मलाही," ते म्हणाले. "या ओव्हनच्या आणि माझ्या डबीच्या लहरी एकाच वाटेनं चालतात. हा जुना, दाराशी सैल. डबी कुजबुजते, आणि हा ओरडतो. शंका बुधवारीच आली होती. खात्री करायला काल डबा आणला नाही."

"म्हणजे भूक होती?"

"भयंकर! तुमच्या डब्याचा वास व्हरांड्याच्या टोकापर्यंत येत होता."

"मग सांगायचं नाही? मी काल..."

त्यांनी ओव्हन पायरीवर टेकवला. "कसं सांगणार? तुम्ही इतक्या मायेनं गरम करता, आणि त्याच मायेनं माझं काम बिघडतंय — हे तोंडातून निघेना. शिवाय... शिवाय सांगितलं, की ओव्हन खाली जाणार. मग एक वाजता मला कोण बोलावणार?"

जिन्यात कुणी नव्हतं. खालून फरशी पुसल्याचा ओला वास येत होता. मी वाकून लोंबणारी वायर उचलली आणि हाताला गुंडाळून घेतली.

"चला," मी म्हटलं. "पायात अडकेल."

ओव्हन आम्ही तळमजल्यावर, जेवणाच्या खोलीच्या पार कोपऱ्यात ठेवला. दोघांनी मिळून.

दुपारी आजोबांच्या तारा निघाल्या. गळ्यात डबी अडकली. गाल गुळगुळीत. ब्रदरच्या हाताला धरून ते एकेक पाऊल टाकत निघाले. पडद्यासमोर मोठ्या सिस्टर, डॉक्टर आणि मी. मनात नामस्मरण चालू होतं. पँट्रीचं दार मागे पडलं... रेघ चालूच. आजोबा खिडकीशी पोचले, आणि रेघ उड्या मारू लागली.

"ठोके वाढले!" मोठ्या सिस्टर ओरडल्या.

"वाढू द्या थोडे," डॉक्टर खिडकीकडे बघत म्हणाले. "बागेत कोण उभं आहे ते बघा."

आजोबा हात हलवत होते. खालून आजींचा आवाज आला, "कानाजवळ राहिली की हो!"

मोठ्या सिस्टरांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला. म्हणाल्या, "राहू देत डब्या." मग पडद्यावर बोट ठेवलं. "पण ही खालची दुसरी रेघ कुणाची? ही तर आजोबांपेक्षा जोरात धावतेय."

सगळ्यांनी वळून पाहिलं. शिडीवाले माझ्या शेजारीच उभे होते. त्यांची डबी अजून गळ्यात होती.

"काढायची राहिली," ते पुटपुटले. कानाच्या पाळ्या लालबुंद.

मी एक पाऊल बाजूला सरकले. रेघ जरा शांत झाली. पुन्हा जवळ आले...

"सिस्टर," मोठ्या सिस्टर गंभीरपणे म्हणाल्या, "पेशंटला त्रास देऊ नये. जेवायला घेऊन जा त्यांना."

तळमजल्यावरच्या कोपऱ्यात ओव्हन घरघरत होता. वर कुणाची रेघ तुटत नव्हती.

"सोमवारपासून मी दुसऱ्या इस्पितळात," ते म्हणाले. "बसनं फार लांब नाही. मीही एक नेम धरायचा म्हणतोय. सुट्टी असेल त्या दिवशी एक वाजता इथं यायचं."

"नेम मोडता येत नाही हं एकदा धरला की. जन्मभराचा असतो."

"म्हणूनच तर धरतोय," ते म्हणाले. आवाज इतका हळू, की ओव्हनच्या घरघरीत दुसऱ्या कुणाला ऐकूही गेला नसता. "तुमची... हरकत?"

ओव्हन थांबला. मी डबा काढला, त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी पहिला घास घेतला, आणि डोळे मिटले.

"मीठ?" मी विचारलं.

"तीनदा."

मी पाण्याचा पेला भरून त्यांच्या हाताशी ठेवला. मग माझा डबा उघडला, आणि त्यातली अर्धी भाजी त्यांच्या पानात वाढली.

"हरकत नाही," मी म्हटलं. "आणि वडिलांनाही एकदा घेऊन या."