ब्रेक बघायचे राहिलेत

बसा जरा. निघायला अर्धा तास उशीर झाला तर काही बिघडत नाही. बाहेर बघितलंत ना? समोरच्या खांबावरचा दिवा धुक्यात दिसेनासा झालाय. आणि सूनबाई, तू हसू नकोस. मी तीस वर्षं गाड्यांचे सुटे भाग विकले, भुताखेतांचा धंदा कधी केला नाही. सांगतोय ते मिस्त्रीचं आहे, त्यानं त्याच्या तोंडानं मला सांगितलेलं. थोडंसं माझंही आहे, ते ओघात येईलच.

मिस्त्रीचं गॅरेज माझ्या दुकानाला लागून. मध्ये एकच भिंत. तिकडे त्यानं हातोडा मारला की इकडे माझ्या फळीवरचे बल्ब थरथरायचे. एकटा माणूस. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. मागच्या खोलीत राहायचा आणि पुढे काम करायचा. हात असा की गाडी फाटकातून आत येतानाच आवाजावरून दुखणं सांगायचा.

थंडी तोंडावर आली की त्याच्याकडे रांग लागायची. गाडी आत घेताना तो प्रत्येकाची झाडाझडती घ्यायचा. वायपरचं रबर किती वर्षांचं? आतून काचेवर वाफ धरते का? मागचा लाल दिवा लागतो का, की तुम्ही तो कधी बघितलाच नाही? गारठ्यात टायरमधली हवा उतरते, ती कधी मोजली होती? लोक वैतागायचे. तो म्हणायचा, स्वतःला स्वेटर घेता, कुत्र्याला स्वेटर घेता, आणि बॅटरी मात्र चार वर्षांची तीच. मग सकाळी गाडी चालू होत नाही म्हणून मला फोन करता.

या सगळ्यात एकच गिऱ्हाईक त्याच्या मनासारखं होतं. मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, पांढरी, चौदा वर्षांची गाडी. नोव्हेंबरचा पहिला रविवार आला की मास्तर हजर. वहीत मागच्या वर्षीचं सगळं लिहिलेलं. मिस्त्री खाली झोपून काम करायचा आणि मास्तर शेजारच्या स्टुलावर बसून त्याला पेपर वाचून दाखवायचे. दोघांची चांगली गट्टी.

त्या वर्षी मात्र तो रविवार हुकला. मास्तरांची मुलगी पहिलटकरीण, डोंगरापलीकडच्या गावात सासर. वहिनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, महिनाभर आधीच तिच्याकडे जाऊन राहिलेल्या. इकडे मास्तर एकटे, त्यात घराचं रंगकाम काढलेलं. आज जाऊ, उद्या जाऊ, करता करता डिसेंबरची नऊ तारीख उजाडली. संध्याकाळी फोन आला, मुलीला दवाखान्यात नेलंय.

रात्री आठ वाजता मास्तर गाडी घेऊन मिस्त्रीकडे आले. म्हणाले, घाट उतरायचाय, एकदा नजर टाक. मिस्त्रीनं सकाळपासून अकरा गाड्या हातावेगळ्या केल्या होत्या. कंबर धरली होती. तरी त्यानं पुढचं चाक काढलं. ब्रेकचे पॅड संपत आले होते. पार संपले नव्हते, पण पत्र्याला टेकायला नखाएवढं अंतर राहिलेलं.

नवे पॅड माझ्या दुकानात होते. आणि त्या दिवशी मी दुकान साडेसातलाच बंद केलं होतं. पाहुणे यायचे होते घरी. त्यानं फोन केला असता तर मी चप्पल न घालता आलो असतो. त्यानं केला नाही. आता कशाला त्याला उठवायचं, असं वाटलं म्हणे त्याला. त्यानं चाक परत बसवलं आणि मास्तरांना सांगितलं, खालच्या गिअरवर उतरा, ब्रेकवर फार जोर देऊ नका, आल्यावर पॅड टाकू.

मास्तरांनी त्याच्याकडे बघून विचारलं, "मग जाऊ?"

तो म्हणाला, "जा."

एवढंच बोलणं.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर गाडी खाली गेली. नात पावणेबाराला जन्मली. मास्तर त्याआधीच गेले होते.

लोक म्हणाले, धुकं होतं. पोलिसांनीही तसंच लिहिलं. मिस्त्री काही बोलला नाही. चौथ्या दिवशी तो माझ्याकडे आला आणि त्याच गाडीचे पॅड मागितले. मला वाटलं, दुसरी कुठली तरी तसलीच गाडी आली असेल. मी खोका काढून दिला. तो त्यानं गॅरेजातल्या फळीवर ठेवला आणि वर्षभर तिथेच राहू दिला. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

माणूस बदलला मात्र. एखाद्या गाडीत किरकोळ दोष दिसला तरी चावी खिशात टाकायचा. गिऱ्हाईक हातापाया पडलं तरी देत नसे. एका नवरदेवाला त्यानं रिक्षानं पाठवलं, सांगा आता.

वर्ष असंच गेलं. पुन्हा नऊ डिसेंबर. सोमवार होता. दवाखान्याची रुग्णवाहिका सकाळी सहाला लागणार होती, म्हणून मिस्त्री रात्री तिचं काम घेऊन बसला. शटर गुडघाभर वर ठेवलेलं, हवेसाठी. बाहेर आजच्यासारखंच धुकं. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झालेली त्यानं बघितली, कारण तेव्हाच बाहेर हॉर्न वाजला.

एकदाच. हळू.

त्यानं शटर वर केलं. समोर पांढरी गाडी उभी. दिवे चालू, इंजिन चालू. धुक्यात नंबर दिसत नव्हता. चालकाच्या जागी कुणीतरी बसलेलं, गळ्याभोवती मफलर. काच चार बोटं खाली आली.

"मिस्त्री, ब्रेक बघायचे राहिलेत."

मला तो म्हणाला, आवाज ओळखायला मला एक क्षणही लागला नाही. मग पळाला का नाहीस, असं मी विचारलं. तर म्हणे, पळायला पाय हवेत ना. पाय जागच्या जागी होते, पण माझे नव्हते.

गाडी आपसूक आत आली. त्यानं जॅक लावला. तोंडातून शब्द निघेना, म्हणून हातांना जे येत होतं ते करत राहिला. चाकाचे नट सोडवले. चाक काढलं. चाकात ओलं गवत अडकलेलं. लांब, दरीत वाढतं तसं. ते त्यानं ओढून बाजूला केलं.

चालून आलेल्या गाडीची ब्रेकची डिस्क हात भाजेल इतकी तापलेली असते. त्यानं बोट लावलं.

गार. विहिरीच्या तळाच्या दगडासारखी.

इंजिन चालू होतं, पण धुराचा वास नव्हता. आवाज होता फक्त.

फळीवरचा खोका काढला. एका बाजूचे पॅड घातले. मग दुसऱ्या बाजूचे. बोटं चुकत नव्हती. सगळा वेळ गाडीत कुणी हललं नाही. खोकलं नाही. एकदाच... तो दुसऱ्या बाजूला खाली वाकलेला असताना... वरून पेपरचं पान उलटल्यासारखा आवाज आला.

त्यानं मान वर केली नाही.

चाकं बसवली. नट आवळले. एकदा, पुन्हा एकदा. जॅक उतरवला. आणि आता करण्यासारखं काही उरलं नाही.

तो उभा राहिला. नजर जमिनीवर.

"मग जाऊ?"

मिस्त्रीनं हातातला पाना पुसला.

इंजिन चालू.

"जाऊ ना, मिस्त्री? ती वाट बघत असेल."

तो मला सांगत होता, माझ्या तोंडात पहिला शब्द तोच आला. गेल्या वर्षीचा. सवयीनं आला. दातांपर्यंत आला. मी तो गिळला.

मग तो म्हणाला, "नका जाऊ, मास्तर. धुकं आहे. सकाळ होऊ दे."

इंजिनाचा आवाज तसाच...

मग इंजिन बंद झालं. इतकं शांत झालं की घड्याळाचा काटा ऐकू येऊ लागला.

"मग आत थांबू? बाहेर फार गारठा आहे."

आता सांगा. तुम्ही काय म्हणाला असता?

मध्यरात्र. एकटा माणूस. मेलेला माणूस आत बसू का विचारतोय. नाही म्हणावं, तर तो पुन्हा त्या घाटात जाणार. हो म्हणावं, तर...

"बसा," मिस्त्री म्हणाला.

त्यानं पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून रुग्णवाहिकेच्या पायरीवर बसला. मागे गाडीचं दार उघडलं. लागलं. पावलं ऐकू आली नाहीत. पण स्टूल सरकलं. मग त्यावर वजन पडलं.

बारा वाजले. एक वाजला.

मागून श्वास ऐकू येत होता. कधी यायचा. कधी थांबायचा. थांबला की जास्त भीती वाटायची. कधी तो अगदी मानेजवळ वाटायचा, मग परत दूर.

दोन. तीन.

मिस्त्रीनं मान वळवली नाही. हात मांडीखाली दाबून धरले. तीनच्या पुढे कधीतरी तो बोलू लागला. भिंतीशीच. सगळं सांगितलं. पॅड संपले होते ते. कंबर दुखत होती ते. फोन हातात घेऊन परत खाली ठेवला ते. माझं चुकलं, मास्तर, म्हणाला. मी तुम्हाला जाऊ द्यायला नको होतं.

मागे श्वास थांबला.

किती वेळ... त्याला सांगता आलं नाही.

मग आवाज आला, अगदी साधा, रोजच्यासारखा. "तिला सांग."

बस. त्यानंतर काही नाही. पाच वाजता दूधवाल्याची सायकल वाजली. तेव्हा त्यानं मागे बघितलं. स्टूल रिकामं. गाडी नव्हती. शटर गुडघाभर उघडं, त्यानं रात्री ठेवलं होतं तेवढंच.

साडेपाचला तो माझं दार ठोकत उभा होता. तोंड पांढरंफटक. मी त्याला आत घेतला, अंगावर घोंगडी टाकली. सगळं ऐकलं. खरं सांगतो, माझा विश्वास बसला नाही. पॅडचा खोका रिकामा होता म्हणे. असेल. वर्षभर मनात एक गोष्ट कुरतडत असली की थकलेला माणूस झोपेत चार पॅड कुठेतरी फेकूनही देईल. मी त्याला तसं म्हटलंसुद्धा. पण साडेसातला दुकान बंद केल्याचं त्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा मी खुंटीवरच्या दुकानाच्या किल्लीकडे बघितलं. वर्षभर मला माहीतच नव्हतं की त्या रात्री माझं कुलूपही मध्ये आलं होतं.

सहाला दवाखान्याच्या माणसानं रुग्णवाहिका नेली. मास्तर ‘ती’ म्हणायचे ते वहिनींनाच, म्हणून आम्ही दोघं तसेच वहिनींकडे गेलो. नातीच्या वाढदिवसाला मुलीकडे जायचं त्यांच्यानं झालं नव्हतं. ती तारीखच नको वाटते, म्हणाल्या. मिस्त्री उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हता. तिथेच उभा राहून त्यानं सगळं सांगितलं. रात्रीचंही.

वहिनी रडल्या नाहीत. चिडल्या नाहीत. हातातलं पातेलं त्यांनी खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "वर्षभर मी त्यांना बोल लावत होते. म्हातारपणी कशाला वेगानं हाकली म्हणून."

मिस्त्री पायरीवर बसला.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "गाडी कुठे आहे ती?"

गावाबाहेर भंगाराचं आवार आहे, तिथे पडली होती वर्षभर. पोलिसांनी सोडल्यावर तिथेच ओढून आणलेली. त्यांनी ती कधी बघितली नव्हती. मला बघायचीय, म्हणाल्या. मी माझी गाडी काढली.

आवारात पोचलो तेव्हा सात वाजत आले होते. धुकं विरत होतं, ऊन अजून आलं नव्हतं. भंगारवाला नुकताच उठलेला. त्यानं हातानंच दाखवलं, भिंतीकडे, शेवटच्या रांगेत. चाळीसएक गाड्या होत्या. रात्रभराचं दंव प्रत्येकीवर पडलेलं, जाड, पांढरं. बोटानं नाव लिहिता यावं असं. टपांवर, काचांवर, फुटक्या आरशांवर, सगळीकडे.

मास्तरांची गाडी शेवटून दुसरी. टप चेपलेला, चारही चाकं कुणी केव्हाच काढून नेलेली. पोटावर बसली होती मातीत. तिच्याही टपावर दंव होतं. दारांवर होतं.

बोनेटवर नव्हतं.

एक थेंब नाही. कोरडं ठाक.

वहिनी पुढे झाल्या. त्यांनी तळवा बोनेटवर ठेवला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी हात काढला नाही. दुसराही ठेवला, थंडीत शेकायला ठेवतो तसा.

मिस्त्रीनं एक बोट टेकवलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

मागून भंगारवाला येत होता. म्हणाला, काय बघताय त्यात, इंजिन तर उन्हाळ्यातच विकलंय.

मिस्त्रीनं बोनेट वर उचललं. आत काही नव्हतं. खालची माती दिसत होती, आणि तिच्यातून वर आलेलं गवत.

वहिनींचे हात अजून पत्र्यावर होते. "गरम आहे," त्या म्हणाल्या.