फुटलेल्या स्फटिकांची वही

प्रांजली ढोमणेनं अर्ज पाठवला आणि भौतिकशास्त्र विभागाच्या कँटीनमध्ये चहा सांगितला. चहा येऊन त्यावर साय धरेपर्यंत तिचं पुढच्या तीन वर्षांचं काम कोणीतरी करूनही टाकलं होतं.

कोणीतरी म्हणजे 'फलित'. तरुण संशोधकांच्या फेलोशिपचे अर्ज तपासायला ही संगणकी यंत्रणा आणून दोन वर्षं झाली होती. पूर्वी अर्ज माणसं वाचत, सहा-सहा महिने लावत आणि शेवटी ओळखीच्याला देत. ते बरं होतं असं कोण म्हणेल? फलित कोणाचं आडनाव बघत नसे. जगात छापलेले सगळे शोधनिबंध त्याच्या पोटात. अर्जातला प्रयोग ते गणितात करून बघे आणि त्यातून काही निघेल का ते सांगे. गोम अशी, की करून बघता बघता ते कधीकधी थेट उत्तरापर्यंत पोचे. मग उत्तर मिळालेल्या प्रश्नाला फेलोशिप कशाला द्यायची? अर्ज जितका नेमका तितकी ही भीती जास्त, आणि प्रांजलीचा अर्ज फार नेमका होता. हुशार मुलीचं नशीब, दुसरं काय.

पत्र तीन ओळींचं होतं, सोबत निकालाचं सगळं गणित जोडलेलं. "आपल्या प्रस्तावातील प्रश्नाचे उत्तर अकरा मिनिटांत प्राप्त झाले. प्रश्न सुचवल्याबद्दल आपले नाव नोंदवण्यात येत आहे. हरकत न आल्यास सोमवारपासून हा विषय बंद समजला जाईल."

चहा तसाच ठेवून ती हरणे सरांच्या खोलीत गेली. सर तिचे मार्गदर्शक. आठ वर्षं ती त्यांच्या हाताखाली होती आणि आठ वर्षं तिला एकाच स्फटिकाचं वेड होतं. तो खूप थंड केला की उष्णता त्यातून एकाच दिशेनं जाते, उलटी फिरत नाही. का फिरत नाही, हे तिला स्वतःच्या हातांनी शोधायचं होतं. फेलोशिपला वयाची अट बत्तीस, आणि तिला बत्तीस पूर्ण व्हायला एकोणीस दिवस उरले होते. त्यानंतर अमरावतीतल्या एका कोचिंग क्लासची नोकरी होती, जिचं नाव काढलं तरी तिला रडू येई.

"सर, संपलं माझं," ती म्हणाली.

सरांनी निकाल वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. "गणित तर चोख दिसतंय गं."

"गणित चोखच आहे. उत्तर चुकलंय." तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. "हे म्हणतंय, प्रत्येक स्फटिकात उष्णता पुढेच जाते. आपण एकेचाळीस केले ना? त्यातले चौतीस थंड करताना तडकले. आणि तडकलेल्यांपैकी चारांत ती उलटी गेली."

"ते आपण छापलंय कुठं?"

"कोणीच छापत नाही, सर. तडकलेला स्फटिक सगळे कचऱ्यात टाकतात आणि धड राहिलेल्यावर निबंध लिहितात. फलितला फक्त धड स्फटिक माहीत आहेत."

"मग अर्जात तरी..." सर बोलता बोलता थांबले. अर्जाच्या पहिल्या खर्ड्यात त्या चौतीस स्फटिकांचं एक पान होतं. अपयश दाखवलं की अर्ज कच्चा वाटतो, काढ ते, असं त्यांनीच तिला सांगितलं होतं. तीस वर्षं ते प्रत्येक विद्यार्थ्याला हेच सांगत आले होते.

"माझं चुकलं, पोरी," ते म्हणाले.

हरकत घ्यायची सोय होती. पण हरकतीला पुरावा लागे, आणि पुरावा म्हणजे प्रांजलीची प्रयोगवही.

"देऊ नकोस," सर म्हणाले. "वही दिलीस की उरलंसुरलंही ते गिळून बसेल. गप्प राहा. आपण इथंच गुपचूप करू."

"कशावर करणार? बंद विषयाला द्रवरूप हेलियम मिळत नाही. थंड कशानं करायचं, बर्फाच्या लादीनं?"

सर हसले नाहीत.

तिला राग आला होता, सरांचा थोडा आणि स्वतःचा जास्त. गप्प राहिलं तर चुकीचं उत्तर कायमचं खरं ठरणार. उद्या त्याच्या भरवशावर कोणी उपग्रहातली शीतपेटी बांधली आणि आतला स्फटिक तडकला तर? वही दिली तर खरं उत्तर निघेल, पण ते निघताना ती तिथं नसेल. जिवाचं रान केलं होतं ते त्या एका क्षणासाठी, आणि जाणार होता तोच.

"चुकीचं कसं राहू देऊ, सर?" ती म्हणाली. वहीच्या एकशे बारा पानांचे तिनं फोटो काढले आणि पाठवून दिले.

नऊ मिनिटांनी सरांच्या टेबलावरच्या संगणकावर उत्तर आलं. भेगांमुळे उष्णतेची दिशा का उलटते, याचं पूर्ण स्पष्टीकरण त्यात होतं. प्रांजलीनं ते शेवटपर्यंत वाचलं. सुंदर होतं. हे आपल्याला सुचलं असतं, दोन वर्षं लागली असती पण सुचलं असतं, हे तिला वाचतानाच कळत होतं. तोंडाला ओढणी लावून ती रडली.

सरांनी स्क्रीन आपल्याकडे वळवली. खाली आणखी दोन वाक्यं होती.

"आपल्या नोंदींमुळे अन्य दोनशे सहा बंद विषयांतील उत्तरे संशयास्पद ठरली आहेत. आपल्या विभागात न छापलेल्या अशा वह्या आणखी किती आहेत?"

सरांच्या पाठीमागच्या कपाटात तीस वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या वह्या होत्या. शेजारच्या प्रयोगशाळेत तीन मुली रोज नव्या लिहीत होत्या, आणि त्यांचे अर्ज पुढच्या वर्षी जायचे होते, त्याआधीच त्यांच्या वह्या फलितच्या पोटात गेल्या नाहीत तर.

"काय कळवू, सर?" प्रांजलीनं विचारलं.